राजीखुशीचं खोटं

मेहकरच्या बसस्थानकावर अर्धा तास चहा पीत बसलं, की खोटं बोलण्याचे बहुतेक प्रकार ऐकायला मिळतात. बाकावर पाय पसरून बसलेला माणूस फोनवर सांगतो, "जानेफळ सोडलं, पोचलोच समज." त्याची गाडी अजून फलाटाला लागलेलीही नसते. शेजारचा पोरगा कुणाला तरी सांगतो, "साहेब मीटिंगमधी हायेत." साहेब त्याच्या पुढ्यातच भजी खात असतात. पलीकडे पिशवी मांडीवर घेऊन बसलेली एक बाई माहेरी कळवते, "सगळं बरं हाये. काई नाई." फोन ठेवते आणि बराच वेळ पिशवीचा बंद बोटाला गुंडाळत बसते.

पहिल्या दोन खोट्यांना आपण हसतो. तिसऱ्याला हसत नाही आणि नावंही ठेवत नाही. ते चांगल्यासाठी बोललेलं असतं, घरच्यांना त्रास नको म्हणून. अशा खोट्याला आपल्याकडे समजूतदारपणा म्हणतात. हा लेख त्या समजूतदारपणाच्या विरोधात आहे. आणि तो लिहिण्याचा मला फारसा अधिकार नाही, हेही आधीच सांगून टाकतो. का ते पुढे येईल.

आधी शास्त्र काय म्हणतं ते पाहू, कारण हल्ली खोट्याचं समर्थन करायला लोक शास्त्राचाच आधार घेतात. १९९६ साली बेला डीपाउलो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेत ७७ विद्यार्थ्यांना आणि ७० इतर नागरिकांना आठवडाभर आपल्या खोट्यांची डायरी ठेवायला लावली. विद्यार्थ्यांचं खोटं सरासरी दिवसाला दोनदा भरलं, इतरांचं एकदा. तेव्हापासून 'माणूस रोज खोटं बोलतोच' हे वाक्य जगभर फिरतं आहे. आपल्या व्हॉट्सॲपवर तर त्याचा आकडाही फुगत जातो. पुढे २०१० साली सेरोटा, लेव्हिन आणि बोस्टर यांनी हजार अमेरिकन प्रौढांची पाहणी केली. दहापैकी जवळपास सहा जणांनी सांगितलं, की गेल्या चोवीस तासांत आम्ही एकही खोटं बोललो नाही. जेवढं खोटं नोंदलं गेलं, त्यातलं जवळजवळ निम्मं जेमतेम पाच टक्के लोकांच्या नावावर होतं. म्हणजे 'सगळेच बोलतात' ही सरासरी काढून मिळवलेली सोय आहे. थोड्यांचं पाप सगळ्यांत वाटून टाकलं, की प्रत्येकाच्या वाट्याला चिमूटभर येतं.

पण डीपाउलोबाईंचं आणखी एक काम आहे, २००४ सालचं. ते कुणी फॉरवर्ड करत नाही. आयुष्यातलं सगळ्यात गंभीर खोटं कोणतं, असं लोकांना विचारल्यावर जे समोर आलं, त्यात परके फार थोडे होते. ही खोटी बहुतेक सगळी जवळच्या माणसांनी जवळच्या माणसांना सांगितलेली होती. किरकोळ खोटं आपण वाटेत भेटणाऱ्यांना वाटतो आणि जड खोटं घरी आणतो.

आमच्या घरी ते आलं तेव्हा मी तिथे होतो.

माझी एक आत्या डोणगावकडच्या खेड्यात राहायची. (नाती आणि गावं मी थोडी बदलली आहेत. एवढं खोटं तिच्या लेकीच्या परवानगीनं.) पोटाचं दुखणं वाढलं म्हणून तिला जिल्ह्याबाहेरच्या एका दवाखान्यात नेलं. रिपोर्ट इंग्रजीत होता. तिला मराठी वाचता यायचं, इंग्रजी नाही. डॉक्टरांनी मला आणि तिच्या दोन्ही मुलांना केबिनमध्ये बोलावलं आणि आजार पसरला आहे, फार महिने नाहीत, असं सांगितलं. आत्या बाहेर बाकावर बसली होती. दार उघडून बाहेर येईपर्यंतच्या चार पावलांत आमचं ठरलं. ठरवायला कुणी तोंडही उघडावं लागलं नाही.

"काय म्हणले डाक्टर?"

"आतड्याले सूज हाये. औषधं लिहून देली."

ही दोन्ही वाक्यं खरी होती. सूज होती आणि औषधं लिहून दिली होती. पुढचे सात महिने आम्ही तिच्याशी असंच खरं खरं बोलत राहिलो. धर्मराज युधिष्ठिराची आठवण मला फार नंतर आली. अश्वत्थामा मेला, हेही खरंच होतं. त्या नावाचा हत्ती मेलाच होता. द्रोणांनी बाकी कुणावर विश्वास ठेवला नाही, युधिष्ठिराला विचारलं, कारण तो खोटं बोलणार नाही याची त्यांना खात्री होती. खोटं चाललं ते त्या खात्रीवर. आत्यानंही मुलांना विचारलं नाही, मला विचारलं. मी शिकलेला होतो आणि तिच्या हातचं खाऊन मोठा झालेला होतो.

'जवळच्या माणसाला कळतंच' ही आपली आणखी एक लाडकी समजूत आहे. चेहऱ्यावरून ओळखतो म्हणे. खोटं ओळखण्याच्या शेकडो प्रयोगांचा एकत्र हिशेब २००६ साली मांडला गेला, तेव्हा माणसांचं बरोबर येण्याचं प्रमाण ५४ टक्क्यांच्या आसपास निघालं. नाणं उडवलं असतं तरी पन्नास टक्के मिळालेच असते. त्याच्याही आधी, १९८६ साली, मॅकॉर्नॅक आणि पार्क्स या दोन अभ्यासकांनी दाखवलं, की नातं जवळचं होत जातं तसा 'मला कळेल' हा आत्मविश्वास वाढतो, आणि त्याच विश्वासापोटी माणूस समोरच्याचं बोलणं खरं धरून चालतो. जवळचा माणूस फसतो तो जवळ असल्यामुळेच.

दिवाळीनंतर आत्यानं एक विषय काढायला सुरुवात केली. दोन एकर रान तिच्या स्वतःच्या नावावर होतं. "ते पोरीच्या नावानं करून द्यायचं हाये मले. उन्हाळ्यात जाऊ तलाठ्याकडे." लेकीचं सासर हलाखीचं होतं, जावई कामाचा नव्हता. आत्या हे दर भेटीत म्हणायची आणि दर भेटीत मी म्हणायचो, "हो आत्या, उन्हाळ्यात जाऊ."

तिला उन्हाळा नाही, हे मला माहीत होतं. तिच्या मुलांनाही माहीत होतं.

मृत्युपत्राला मुद्रांक लागत नाही आणि त्याची नोंदणीही सक्तीची नाही. साधा कागद, तिची सही, दोन साक्षीदारांच्या सह्या. खाटेवर पडल्या पडल्या दहा मिनिटांत झालं असतं. पण मृत्युपत्र कर असं म्हणायचं, तर आधी मृत्यूचं सांगावं लागलं असतं. होळीच्या आधी ती गेली.

आता विचारू या, की हे खोटं नेमकं कुणाच्या चांगल्यासाठी होतं? डॉक्टरांना एक अवघड बोलणं टळलं. मुलांचं रान घरात राहिलं. मला तिला रडताना पाहावं लागलं नाही. ज्या एका माणसाच्या चांगल्यासाठी हे सगळं चाललं होतं, त्या माणसाच्या हाती मात्र काही आलं नाही. उलट तिला आयुष्यात शेवटची करायची होती ती एक गोष्ट राहून गेली. मी मुलांना कपटी म्हणत नाही. ते आईसाठी रात्र रात्र जागले, कर्ज काढून दवाखाना केला. त्यांच्या मनात रानाचा विचार होता की नव्हता, हे त्यांना स्वतःलाही सांगता येणार नाही. आणि मायेच्या खोट्याचं हेच भयंकर आहे: त्यात स्वार्थ इतका बेमालूम मिसळतो, की बोलणाऱ्यालाही त्याची चव लागत नाही.

"सांगितलं असतं तर धीर सुटला असता," असं मला आजवर पन्नास जणांनी ऐकवलं आहे. सुटलाही असता. पण तो तिचा धीर होता. तो धरायचा की सोडायचा, हे चार पावलांत आम्ही कोण ठरवणार? काही रुग्णांना खरोखरच काही ऐकायचं नसतं, हे मला मान्य आहे. मग त्यांनाच विचारा: तुम्हाला सगळं सांगू, की मुलांना सांगू? "पोरांनाच सांगा," असं ती म्हणाली असती, तर मी हा लेख लिहिला नसता. आम्ही तिला नाही म्हणायचीही संधी दिली नाही.

आमच्यासारख्यांसाठी नियमातही दार उघडं ठेवलेलं आहे. भारतीय वैद्यक परिषदेची २००२ सालची आचारसंहिता सांगते, की डॉक्टरनं रुग्णाच्या प्रकृतीचं गांभीर्य वाढवूनही सांगू नये आणि कमी करूनही सांगू नये. वाचायला छान आहे. पुढच्याच वाक्यात मात्र ही माहिती रुग्णाला, नातेवाइकांना किंवा त्याच्या जबाबदार मित्रांना असावी, असं म्हटलं आहे. त्या 'किंवा'मधून आमच्यासारखी अनेक घरं रोज केबिनच्या आत जातात आणि रुग्ण बाहेर बाकावर बसून राहतो.

गोष्ट इथे संपली असती तर ती दुःखाची गोष्ट झाली असती. पण एका खोट्याला उभं राहायला दुसरं लागतं. आत्याच्या वर्षश्राद्धानंतर हक्कसोडपत्राचा विषय निघाला.

आईच्या जमिनीत लेकीचा वाटा १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्यापासून मुलाइतकाच आहे. बापाकडच्या वडिलोपार्जित जमिनीतही महाराष्ट्रानं १९९४ साली आणि केंद्रानं २००५ साली लेकीला समान हक्क दिला. २०२० साली सर्वोच्च न्यायालयानं त्यातली उरलीसुरली शंकाही काढून टाकली. कायदा असा एक एक पाऊल पुढे आला आणि आम्ही एका कागदावर त्याला परत पाठवत राहिलो. त्या कागदाची भाषा ठरलेली असते: मी माझा हक्क राजीखुशीने, स्वसंतोषाने, कोणाच्याही दडपणाला बळी न पडता सोडून देत आहे.

किती बहिणींची खरोखर राजीखुशी असते? माझ्या आजूबाजूला मी जे पाहिलं, त्यात बहिणीला आधी सांगितलं जातं, की माहेरचं दार उघडं राहायला हवं ना? दिवाळीला यायचं आहे ना? मग साडी येते, जेवण होतं, गाडीत बसवून कार्यालयात नेतात आणि भाऊ दाराशी उभा असताना तिला विचारतात, "मर्जीनं देता ना?" ती हो म्हणते. त्या 'हो'ला मी खोटं म्हणायला तयार नाही. तिच्याकडून ते काढून घेतलेलं असतं. खोटं तिच्याभोवती उभ्या असलेल्या आम्हा सगळ्यांचं असतं.

माझी आतेबहीण, आमची ताई, अशीच एका दुय्यम निबंधक कार्यालयात सही करून आली. त्या दस्तावर साक्षीदार म्हणून एक सही माझी आहे. आईनं दोन एकर तुझ्या नावानं करायचे ठरवले होते, हे मी तिला सांगितलं नव्हतं. कोर्टात शपथेवर खोटी साक्ष दिली तर सात वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते. मी कोर्टात नव्हतो आणि शपथही घेतली नव्हती. मी फक्त घरचा माणूस होतो.

सहीनं माणूस खरा होतो, यावर आपला भारी विश्वास. या विश्वासालाही मध्यंतरी शास्त्राचा टेकू मिळाला होता. अर्जाच्या शेवटी सही घेण्याऐवजी सुरुवातीलाच घेतली तर लोक खरी माहिती भरतात, असा निष्कर्ष काढणारा शोधनिबंध २०१२ साली एका प्रतिष्ठित अमेरिकी नियतकालिकात आला. विमा उतरवलेल्या गाड्या किती चालल्या, याच्या नोंदींवर त्यातला एक भाग आधारलेला होता. पुढे त्या नोंदीच बनावट असल्याचं उघड झालं आणि २०२१ मध्ये निबंध मागे घेतला गेला. प्रामाणिकपणावरच्या संशोधनातले आकडेच खोटे निघाले. सही वर असो वा खाली, ज्याला गप्प बसायचं आहे त्याला ती बोलतं करत नाही. हे मी अनुभवानं सांगतो.

आता माझ्या विरोधातला सगळ्यात वजनदार मुद्दा. गरिबाला, बाईला, दुबळ्याला खोट्याशिवाय दुसरं कोणतं हत्यार आहे? नवऱ्याच्या दारूपासून वाचवलेले पैसे डाळीच्या डब्यात ठेवणारी बाई "माझ्याकडे काहीच नाही" म्हणते, तिलाही तुम्ही सत्यवचनाचे धडे देणार का?

अजिबात नाही. महाभारतात कर्णपर्वात कृष्ण अर्जुनाला कौशिक नावाच्या ब्राह्मणाची गोष्ट सांगतो. कायम खरंच बोलायचं त्याचं व्रत. जीव वाचवायला लपलेल्या लोकांचा ठावठिकाणा दरोडेखोरांनी विचारला तेव्हा त्यानं खराच सांगितला. ती माणसं मारली गेली आणि कौशिक नरकात गेला. खोट्याच्या बाजूनं बोलणारे ही गोष्ट नेहमी काढतात. पण यात खोटं सांगायचं होतं कुणाला? दरोडेखोरांना. लपलेल्या माणसांना 'इथे काही धोका नाही, निवांत झोपा' असं सांगावं, असं कृष्ण कुठेही म्हणत नाही. आम्ही घरोघरी नेमकं तेच करतो आणि आधार मात्र कृष्णाचा घेतो.

आमच्या गावाच्या अभिमानाची जी गोष्ट आहे, तीही हेच सांगते. मेहकरची शारंगधर बालाजीची मूर्ती १८८८ साली जमिनीतून निघाली. काळ्या पाषाणाची, दहा फुटांहून उंच. इंग्रज ती विलायतेला नेतील अशी हवा उठली, तेव्हा गावकऱ्यांनी घाईघाईनं तिची प्राणप्रतिष्ठा करून टाकली, असं जुनी माणसं सांगतात. साहेबाला उत्तर तयार झालं: ही आता नुसती मूर्ती राहिली नाही, देव झाला. याला कुणी लबाडी म्हणेल, कुणी हुशारी. मी ती आनंदानं मिरवतो. कारण ते उत्तर वरच्याला दिलेलं होतं, ज्याच्या हातात मूर्ती उचलून नेण्याची ताकद होती त्याला.

तेव्हा माझी कसोटी साधी आहे. खोटं कुणाच्या दिशेनं जातंय? तुमच्याकडून हिसकावून घेऊ शकणाऱ्याला तुम्ही ते सांगत असाल, तर तुमची ढाल तुम्हाला लखलाभ. पण ज्यानं तुमच्यावर विश्वास टाकला आहे आणि ज्याचा निर्णय तुमच्या शब्दावर अडला आहे, त्याला सांगत असाल, तर हिसकावणारे तुम्ही आहात. आणखी एक पडताळा आहे. सिसेला बोक या विदुषीनं १९७८ सालच्या आपल्या पुस्तकात विचारलं होतं, की हे खोटं तुम्हाला चारचौघांत उघडपणे, समजूतदार माणसांपुढे योग्य ठरवता येईल का? मी त्याला घरगुती रूप देतो. ज्याला खोटं सांगितलं त्याला उद्या सगळं कळलं, तर तो "बरं केलंस" म्हणेल का? डाळीच्या डब्याचं खोटं या कसोटीला उतरत नाही. ते नवऱ्यापासूनच लपवायचं असतं. पण तिथे पहिली कसोटी तिला सोडवते. आमचं खोटं दोन्हींत नापास होतं.

आता बसस्थानकावरच्या त्या बाईकडे परत येतो. "सगळं बरं हाये" हे आमच्या भागातलं सगळ्यात जास्त बोललं जाणारं खोटं असावं. २०२४ च्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव ४,८९२ रुपये होता आणि बाजारात चार हजारांच्या आसपास भाव मिळत होता. त्या दिवसांतही माल विकून आलेल्या माणसाला "कसं काय?" विचारलं, तर उत्तर एकच: "बरं हाये." राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या हिशेबानं २०२२ साली देशात शेतीवर जगणाऱ्या ११,२९० जणांनी आत्महत्या केल्या, त्यातले ४,२४८ महाराष्ट्रातले. त्याची कारणं भावात आहेत, पावसात आहेत, कर्जात आणि धोरणात आहेत. घरच्यांच्या गप्प बसण्यावर तो भार टाकण्याचा निर्लज्जपणा मी करणार नाही. पण बुलडाणा जिल्ह्यात राहणाऱ्या कुणालाही विचारा. माणूस गेल्यानंतर मदतीसाठी कागद गोळा करताना बायकोला कर्जाचा खरा आकडा पहिल्यांदा कळला, अशी निदान एक तरी कहाणी त्याला माहीत असते. तिला त्रास नको म्हणून त्यानं सांगितलेलं नसतं. नंतर सगळं तिच्यावरच येतं, आणि विचार करायला वेळही उरलेला नसतो. मन हलकं करायला टेलि-मानसचा १४४१६ हा क्रमांक २०२२ पासून चालू आहे. पण तो फिरवण्याआधी 'बरं नाही' हे दोन शब्द तोंडून निघावे लागतात, आणि त्यांची सवय घरात लागते.

आम्ही घरात सवय लावतो ती उलटी. पोराला सांगतो, "बाबा घरी नाहीत म्हण." पोरगी सासरी निघाली की सांगतो, "तिकडचं इकडे सांगत बसू नको." आई विचारते तेव्हा सांगतो, आतड्याला सूज आहे.

माझं मागणं मोठं नाही. डॉक्टरांनी केबिनचं दार लावण्याआधी बाकावरच्या माणसाला विचारावं, की तुम्हाला आत यायचंय का. हक्कसोडपत्राच्या वेळी बहिणीला भाऊ नसलेल्या खोलीत बसवून, तिच्या वाट्याची किंमत किती होते ते सांगून मग विचारावं, की देता का. आणि दस्तावर साक्षीदार म्हणून सही करणाऱ्या माझ्यासारख्यानं आपण नेमकं काय पाहिलं, ते आधी स्वतःला विचारावं.

हा लेख पाठवण्याआधी मी ताईकडे गेलो होतो. दोन एकराचं सगळं सांगितलं, उन्हाळ्याचंही. ती तूर निवडत होती. हात थांबले नाहीत. बऱ्याच वेळानं म्हणाली, "आता कायले सांगतं बापू? तुले हलकं वाटावं म्हणून?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. उशिरा सांगितलेलं खरंही सांगणाऱ्याच्याच सोयीचं असू शकतं, हे मला तिच्याकडून कळलं. मी निघालो तेव्हा ती दारापर्यंत आली आणि विचारलं, "आई नक्की काय म्हणत होती? तिच्या शब्दांत सांग."

मी परत आत जाऊन बसलो आणि तिला सांगितलं.